गाण्याची जागा : मोटारगाडीतील नादाचा इतिहास

गवयाने एखादी सुरेख हरकत घेतली म्हणजे 'काय जागा घेतली!' असे उद्गार आपल्याकडे जाणकारांच्या तोंडून निघतात. या उद्गारातील जागा म्हणजे स्वरांच्या ओघातील एक नेमके स्थान. परंतु गाण्याला आणखी एक जागा असते, आणि ती शब्दशः जागा असते. गाणे समोरून येते की पाठीमागून, उजवीकडून येते की पायाशी कोठे तरी घुमते, याची नोंद आपला कान स्वराबरोबरच घेत असतो. बैठकीत बसलेल्या श्रोत्याला तबला कोठे आणि पेटी कोठे हे डोळे मिटूनही सांगता येते. या दुसऱ्या जागेचा विचार आपण सहसा करीत नाही. कारण बैठकीत ती आपोआप जुळलेली असते. यंत्राने गाणे ऐकू लागल्यावर मात्र ती जागा कोणी तरी ठरवावी लागते. आणि मोटारगाडीत ती ठरविण्याचा प्रयत्न जवळजवळ शंभर वर्षे चालू आहे.

मोटारीतील गाणे हा काय व्याख्यानमालेचा विषय झाला, असे कोणी विचारील. त्याला आमचे उत्तर असे की, आज कित्येक माणसांचे गाणे ऐकणे घरापेक्षा गाडीतच अधिक होते. शिवाय या लहानशा खोलीत एक मोठा प्रश्न दडलेला आहे : चार माणसे एकत्र बसली असता उत्तम ते कोणासाठी? स्पीकर कोठे बसवावा, या वरवर कारागिरीच्या वाटणाऱ्या प्रश्नाचा इतिहास पाहू लागले की आपण पुन्हा पुन्हा त्याच प्रश्नापाशी येऊन पोहोचतो.

प्रथम कानाचा थोडा विचार केला पाहिजे. आपल्या दोन कानांत अंतर एका वितीहूनही कमी. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि डाव्या कानाला किंचित उशिरा. हा उशीर जास्तीत जास्त सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या सुमारे दोन-तृतीयांश इतका असतो. तरीही मेंदू तो हेरतो. इंग्लंडातील पदार्थविज्ञानवेत्ते लॉर्ड रॅले यांनी १९०७ साली या विषयाची चांगली फोड केली. खर्जातील स्वरांची दिशा कान वेळेच्या फरकावरून ओळखतो. तार स्वरांच्या लहरी आखूड असल्यामुळे डोक्याच्या आड अडतात, म्हणून त्यांची दिशा आवाजाच्या कमीजास्तपणावरून कळते. ही दोन सूत्रे ध्यानात ठेवली म्हणजे पुढील सारी कथा सुगम होते.

मोटारीत रेडिओ आला त्या काळी मात्र दिशेची चिंता करण्यास कोणाला सवड नव्हती. आवाज ऐकू येणे हीच मोठी कमाई होती. लोहचुंबकाच्या फटीत तारेचे वेटोळे हलते आणि त्याला चिकटलेला कागदी शंकू हवा हलवितो, अशा आजच्या धर्तीच्या स्पीकरची रचना राइस आणि केलॉग या जनरल इलेक्ट्रिकच्या दोन अभियंत्यांनी १९२५ साली प्रसिद्ध केली होती. पाच वर्षांनी, १९३० च्या जूनमध्ये, शिकागोचे पॉल गॅल्व्हिन हे आपल्या स्टुडबेकर गाडीत स्वतःच्या कारखान्यातील रेडिओ बसवून अटलांटिक सिटीला गेले. तेथे रेडिओ उत्पादकांचे अधिवेशन भरले होते. गॅल्व्हिन यांच्याजवळ प्रदर्शनात गाळा घेण्याइतका पैसा नव्हता. त्यांनी गाडी दारातच उभी केली आणि आवाज मोठा करून येणाऱ्या-जाणाऱ्यांना तो ऐकविला. हाच पुढे 'मोटोरोला' या नावाने विकला गेलेला रेडिओ. त्याची किंमत शंभर डॉलरांहून अधिक होती. नवी मोटारच त्या वेळी पाचसहाशे डॉलरांस मिळे.

हा रेडिओ बसविणे म्हणजे एक लहानशी शस्त्रक्रियाच होती. यंत्र एकीकडे, बॅटऱ्या फळीखाली, तारा छताच्या अस्तरात, आणि स्पीकर समोरच्या फळीखाली जेथे जागा उरेल तेथे. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर रेडिओत शिरे, ती आवरण्यासाठी वेगळे उपाय करावे लागत. युरोपात १९३२ साली ब्लाउपुंक्टचा मोटार-रेडिओ निघाला. त्याचे वजन सुमारे पंधरा किलो भरे. अशा धुडाचा आवाज कोणत्या दिशेने येतो, हे विचारणे म्हणजे दुष्काळात पक्वान्नाच्या चवीची चिकित्सा करण्यासारखेच होते.

त्याच सुमारास अमेरिकेत एक निराळाच आक्षेप निघाला. गाणे ऐकता ऐकता चालविणाऱ्याचे लक्ष उडेल, त्याला डुलकी लागेल, म्हणून गाडीतील रेडिओवर बंदी घालावी, असे प्रस्तावही काही ठिकाणी पुढे आले. ते टिकले नाहीत. परंतु मोटारीतील श्रोता हा घरातील श्रोत्यासारखा केवळ श्रोता नव्हे, त्याच्या हाती चाक आहे, हे सत्य त्या आक्षेपात होते. आणि ते आजही जुने झालेले नाही.

पुढील पंचवीस वर्षांत यंत्र लहान झाले आणि समोरच्या फळीत व्यवस्थित जाऊन बसले. व्हॉल्व्हना लागणारा मोठा दाब सहा व्होल्टांच्या बॅटरीतून काढण्याची युक्ती साधली. १९५३ साली जर्मनीतील बेकर कंपनीच्या 'मेक्सिको' रेडिओत एफ. एम. आले. १९५५ साली फिल्को आणि क्रायस्लर यांनी केवळ ट्रान्झिस्टरांवर चालणारा मोटार-रेडिओ आणला. त्याच वर्षी क्रायस्लरने आपल्या १९५६ च्या गाड्यांत तबकडी वाजविण्याची सोय करून पाहिली; खाचखळग्यांच्या रस्त्यावर तबकडीचे काय होणार, हे कल्पनेने जाणता येईल. तो प्रयोग लवकरच मागे पडला. या सर्व काळात स्पीकर बहुधा एकच असे, आणि तो समोरच्या फळीच्या मध्यभागी जाळीमागे असे. आवाज साधा, खर्ज बेताचा. पण बातम्या सांगणारा समोरून बोलतो आहे असे गाडीतील प्रत्येकाला वाटे. या एकाकी स्पीकरचा हा गुण त्या वेळी कोणाच्या फारसा लक्षात आला नाही.

आता स्टिरिओकडे वळू. ॲलन ब्लमलाइन हा विलक्षण बुद्धीचा इंग्रज अभियंता १९३१ साली पत्नीसह चित्रपट पाहावयास गेला होता, असे सांगतात. नट पडद्याच्या एका टोकाला आणि आवाज दुसऱ्या टोकाच्या स्पीकरमधून, हे त्याला खटकले. त्याच वर्षाच्या डिसेंबरात त्याने आपल्या प्रसिद्ध पेटंटचा अर्ज केला. दोन वाहिन्या आणि दोन स्पीकर यांच्या योगाने, स्पीकर जेथे नाही अशा जागीही आवाज उभा करता येतो, हे त्यातील मर्म. दोन्ही स्पीकरांतून सारखाच आवाज सारख्याच वेळी आला की तो दोहोंच्या मधोमध, रिकाम्या हवेतून आल्यासारखा वाटतो. गायिका मध्ये उभी आहे असा भास होतो. हा ब्लमलाइन पुढे १९४२ साली, रडारची चाचणी घेत असता, विमान अपघातात वयाच्या अडतिसाव्या वर्षी मृत्यू पावला. आपल्या शोधाचा घरोघरी झालेला प्रसार पाहणे त्याच्या नशिबी नव्हते.

परंतु या भासाला एक अट आहे. श्रोता दोन्ही स्पीकरांपासून सारख्या अंतरावर बसला पाहिजे. ही अट जाणकारांना प्रथमपासून ठाऊक होती. १९३३ साली बेल प्रयोगशाळेने फिलाडेल्फियातील वाद्यवृंद तारेने वॉशिंग्टनच्या सभागृहात ऐकविला, तेव्हा त्यांनी दोन नव्हे, तीन वाहिन्या वापरल्या. मधला स्पीकर असला म्हणजे बाजूच्या खुर्चीवर बसलेल्यालाही मधला आवाज मधूनच येतो. मात्र तबकडीच्या खाचेत दोनच वाहिन्या सोयीने मावत होत्या. म्हणून घरात स्टिरिओ आला तो दोन स्पीकर घेऊन.

मोटारीत तो १९६० नंतर, फितीवर बसून आला. विल्यम लिअर यांची आठ पट्ट्यांची टेप फोर्ड कंपनीने १९६६ च्या गाड्यांत बसवून दिली. फिलिप्सची लहान कॅसेट १९६३ सालीच निघाली होती आणि अखेर तिनेच बाजी मारली. टेपबरोबर दोन स्पीकर आले, दोनांचे चार झाले, आणि ते दारांत व मागच्या काचेखालच्या फळीवर जाऊन बसले. येथे मात्र इतिहासाने एक गंमत केली. ज्या पद्धतीची पहिली अट मध्ये बसण्याची, ती पद्धत अशा खोलीत शिरली की जेथे मध्ये कोणीच बसत नाही. मध्ये असतो गिअरचा दांडा.

याचा हिशेब मांडून पाहू. आपल्या देशात चालविणारा उजवीकडे बसतो. समजा, उजव्या दारातील स्पीकर त्याच्यापासून ९० सेंटिमीटरवर आहे आणि डाव्या दारातील १५० सेंटिमीटरवर. फरक ६० सेंटिमीटरांचा. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४३ मीटर धावतो. म्हणजे डावीकडचा आवाज सुमारे पावणेदोन मिलिसेकंद उशिरा येतो. हा काळ नगण्य वाटेल. पण आपण वर पाहिले की दोन कानांतील अधिकात अधिक फरक एक मिलिसेकंदही नसतो. म्हणजे कानाच्या मोजपट्टीवर हा उशीर फार मोठा ठरतो. जर्मनीतील गोटिंगेनच्या हेल्मुट हास यांनी १९४९ च्या प्रबंधात दाखविले की, तोच आवाज दोन ठिकाणांहून थोड्या अंतराने आला, तर कान त्याचे दोन आवाज करीत नाही. जो आधी आला त्याच्याच दिशेने सगळा आवाज आल्याचे मानतो. अग्रपूजेचा मान पहिल्याला! उशिरा येणारा आवाज बराच मोठा केला तरी हा निवाडा सहजी बदलत नाही. तेव्हा उजवीकडे बसलेल्याला मधली गायिका मध्ये दिसत नाही; ती त्याच्या उजव्या गुडघ्यापाशी, दाराला टेकून गात असते.

हा अनुभव व्याख्यानाच्या श्रोत्यांना नवा नाही. मोठ्या मंडपात वक्ता समोर उभा असतो आणि शब्द मात्र डोक्यावरच्या खांबावरील कर्ण्यातून उतरतात. डोळे एकीकडे आणि कान दुसरीकडे, अशी ओढाताण होऊन मन थकते. लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमध्ये १९५० च्या दशकाच्या प्रारंभी यावर एक उपाय योजण्यात आला. दूरच्या स्पीकरांना आवाज मुद्दामच थोडा उशिरा पोहोचविला. मग समोरचा आवाज आधी येई, जवळचा स्पीकर त्याला केवळ बळ देई, आणि शब्द वक्त्याच्याच मुखातून आल्यासारखे वाटत. ही युक्ती मोटारीत पोहोचावयास पुढे चाळीस वर्षे लागली.

तोपर्यंत स्पीकर सोयीच्या जागी बसत गेले. मागच्या फळीची सोय मोठी होती, आणि त्याला एक शास्त्रीय आधारही होता. स्पीकरचा शंकू पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. उघडा स्पीकर हाती धरून वाजविला तर मागची हवा कडेने वळसा घालून पुढची भरपाई करते आणि खर्ज नाहीसा होतो. तोच स्पीकर फळीच्या भोकात घट्ट बसविला की खर्ज परत येतो. मोटारीच्या मागच्या फळीखाली डिकीची पोकळी असते; ती स्पीकरला आयतीच पेटी मिळते. जागा लांबट, म्हणून स्पीकरही लंबगोल, सहा बाय नऊ इंची. आपल्याकडे अँबॅसिडर आणि फियाट यांच्या मागच्या काचेखाली बसलेले ते दोन डोळे ज्यांनी पाहिले नाहीत, असे मध्यमवयीन लोक थोडेच असतील. गाणे भरदार होई. पण गायक मानेमागे गाई. कोणत्याही बैठकीत आपण गवयाकडे पाठ करून बसत नाही, मोटारीत मात्र पिढ्यान् पिढ्या तसेच बसलो.

दारातील स्पीकरचीही कर्मकथा काही लहान नाही. तार स्वरांच्या लहरी आखूड. दहा हजार कंपनांच्या स्वराची लहर साडेतीन सेंटिमीटरांचीही नसते. अशी लहर सरळ रेषेत जाते आणि वाटेत आलेल्या पायाने अडते. खाली दारात बसविलेल्या स्पीकरमधील झांजेची धार चालविणाऱ्याच्या पोटरीतच जिरून जाते. म्हणून तार स्वरांचा लहान स्पीकर वेगळा काढून वर, आरशाजवळ किंवा पुढच्या काचेच्या खांबावर नेण्याची पद्धत पडली. उलट पन्नास कंपनांच्या खर्जाची लहर जवळजवळ सात मीटर, म्हणजे गाडीहूनही लांब. एवढ्या लांब लहरीची दिशा बंद गाडीत कानाला लागत नाही. म्हणून खर्जाचा मोठा स्पीकर डिकीत किंवा आसनाखाली ठेवला तरी चालते. मधल्या पट्टीत मात्र गाडीची रुंदी आडवी येते. सुमारे १४० सेंटिमीटर रुंदीत १२० कंपनांच्या आसपासचा स्वर दोन भिंतींत घुमतो. एका जागी तो फुगतो, तर दुसऱ्या जागी बुडतो. त्यातच दाराचा पत्रा थरथरू लागला की गाण्याला एक नको असलेला साथीदार मिळतो. पत्र्याला आतून जाड थर लावून त्याची भोके बंद करणे, हे काम अनाकर्षक खरे; परंतु महागड्या स्पीकरपेक्षा पुष्कळदा तेच अधिक फळ देते.

या सर्व अडचणींकडे उलट्या बाजूने पाहणारा माणूस म्हणजे अमर बोस. त्यांचे वडील बंगालचे. ब्रिटिश सत्तेविरुद्धच्या चळवळीत पडल्यामुळे त्यांना देश सोडून अमेरिकेस जावे लागले. अमर बोस १९२९ साली फिलाडेल्फियात जन्मले, बालपणी व्हायोलिन शिकले आणि पुढे एम. आय. टी. मध्ये प्राध्यापक झाले. १९५६ साली त्यांनी एक नामांकित समजली जाणारी संगीतयंत्रणा विकत घेतली. कागदावरील आकडे उत्तम, पण व्हायोलिनचा नाद खोटा, हे त्यांच्या कानाने ताडले. येथून त्यांचे संशोधन सुरू झाले आणि १९६४ साली त्यांनी स्वतःची कंपनी काढली. मोटार ही संगीताला अत्यंत वाईट जागा आहे, हा समज त्यांनी उलटविला. घरात ग्राहक स्पीकर कोठे ठेवील आणि स्वतः कोठे बसेल, हे निर्मात्याला कधीच ठाऊक नसते. मोटारीत मात्र आसने ठरलेली, काचा ठरलेल्या, गाद्यांचे कापड ठरलेले, श्रोत्याचे डोकेही वीतभर जागेत ठरलेले. म्हणजे येथे खोली आधी कळते आणि वाद्य मागाहून घडविता येते. जनरल मोटर्सच्या डेल्को विभागाबरोबर त्यांनी ही कल्पना सिद्धीस नेली, आणि १९८३ च्या कॅडिलॅक सेव्हिलसारख्या गाड्यांत कारखान्यातच बसविलेली, त्या त्या गाडीसाठी बेतलेली यंत्रणा मिळू लागली. रेडिओ बाजारातून आणून उरल्यासुरल्या जागेत कोंबण्याचा पन्नास वर्षांचा रिवाज येथे मोडला.

पुढे १९९० नंतरच्या दशकात नाद आकड्यांत मांडणारी चकती स्वस्त झाली आणि सेंट पॉलमधील युक्ती मोटारीत आली. जवळच्या स्पीकरला पावणेदोन मिलिसेकंद थांबवून धरा; म्हणजे दूरचा आणि जवळचा आवाज चालविणाऱ्याच्या कानी एकदमच पोहोचतील. असे केले की पडदा उघडावा तसा फरक होतो. दाराला टेकलेली गायिका उठून काचेसमोर मधोमध उभी राहते. ज्यांनी हे प्रथमच ऐकले त्यांना स्पीकर बदलले की काय असे वाटते. वस्तुतः बदललेली असते ती केवळ वेळ.

परंतु आता डावीकडे बसलेल्या माणसाचा हिशेब करा. डावा स्पीकर त्याच्या जवळच होता, उजवा साठ सेंटिमीटर दूर. तो उजवा आता आणखी पावणेदोन मिलिसेकंद उशिरा बोलतो. त्याच्या वाट्याचा फरक साडेतीन मिलिसेकंदांचा झाला. एकासाठी जे सुधारले, तेच शेजाऱ्यासाठी दुपटीने बिघडले. हा कोणा अभियंत्याचा दोष नव्हे. दोन स्पीकर आणि दोन निरनिराळ्या जागी बसलेली माणसे यांच्या भूमितीतच तो आहे. म्हणूनच आजच्या अनेक यंत्रणांत 'चालक' आणि 'सर्व' अशा दोन बटणांची सोय असते. 'सर्व' हे बटण दाबले की कोणालाच उत्तम मिळत नाही, पण कोणालाही फार वाईट मिळत नाही.

आणि याच अडचणीतून वाट काढता काढता निर्माते पुन्हा समोरच्या फळीच्या मध्यभागी आले. आज चांगल्या यंत्रणांत तेथे एक मधला स्पीकर असतो. १९३३ मध्ये बेलच्या अभियंत्यांना जे ठाऊक होते, आणि जुन्या मोटारीतील तो एकाकी स्पीकर नकळत जे करीत होता, ते पुन्हा शिकावयास इतका काळ जावा लागला. कारण उघड आहे. मधल्या काळात स्पीकरांची संख्या मोजली गेली, वॅटचे आकडे मोजले गेले. ऐकणारा कोठे बसला आहे, ते मात्र कोणी मोजले नाही.

आमच्या मते या इतिहासाचे सार एवढेच आहे. नादाची प्रत ही यंत्राच्या अंगी असलेली वस्तू नव्हे. ती यंत्र, जागा आणि बसणारा माणूस या तिघांच्या नात्यातून निर्माण होते. ज्याला गाडीत चांगले गाणे ऐकावयाचे असेल त्याने आधी समोरचा मंच नीट करावा. मागचे स्पीकर समोरच्यांपेक्षा हळू ठेवावेत. दार थरथरत असेल तर ते आवरावे. आणि मग कोणत्या आसनासाठी हे चालले आहे, हे स्वतःला विचारावे. एकटा प्रवास असेल तेव्हा चालकाचे बटण अवश्य दाबावे. त्यात स्वार्थ नाही. परंतु वृद्ध आई शेजारी बसली असेल किंवा मुले मागे असतील, तेव्हा आपल्या वाट्याचे थोडे उत्तम सोडून द्यावे. आणि बाहेरून रुग्णवाहिकेचा भोंगा ऐकू येईल इतपतच आवाज ठेवावा. कारण त्या नादाचीही एक जागा आहे, आणि ती ओळखण्यासाठीही हेच दोन कान आपल्याजवळ आहेत.